प्रॅक्टिकलचे दोन तास खरे होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा सीझन आला की आपल्या पेपरात रोज कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या), कट-ऑफ, कॉम्प्युटरला किती गर्दी आणि सिव्हिलला किती जागा रिकाम्या याच्या बातम्या असतात. चांगलंय, त्या यायलाच पाहिजेत. पण एकदा ॲडमिशन झाल्यावर पुढची चार वर्षं त्या वर्गात काय चालतं, शिकवतात कसं, पोरांना कळतं किती, यावर कधी काही छापून आलेलं मला आठवत नाही. मी पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते, वीसेक वर्षं झाली, बाहेरच्या कॉलेजांत एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणूनही जाते, त्यामुळे जे लिहितेय ते रोज डोळ्यांसमोर असलेलं आहे. पत्र लांबलंय, कापावं लागलं तर कापा, फक्त प्रॅक्टिकलचा भाग तेवढा ठेवा.

कारण मला सांगायचंय तेच ते आहे. इंजिनिअरिंग सुधारायचं म्हणून नवीन ब्रँच काढतात, स्मार्ट बोर्ड बसवतात, दर चार-पाच वर्षांनी सिलॅबसचा पॅटर्न बदलतात, पण पोरगं शिकतं कधी, तर त्याला कुणीतरी प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर चुकतं आणि का चुकलं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं तेव्हा. ही संधी सगळ्यात जास्त आहे ती आठवड्यातल्या प्रॅक्टिकलच्या दोन तासांत, आणि तेच दोन तास आपण सगळ्यात जास्त वाया घालवतो.

बाहेरच्या माणसाला कल्पना नसते म्हणून सांगते. साठची डिव्हिजन असते, तिच्या वीस-वीसच्या तीन बॅच. वीस पोरं एका मशीनभोवती उभी राहतात. कनेक्शन लॅब असिस्टंटने आधीच करून ठेवलेलं असतं, कारण फ्यूज उडायला नको, मीटर जळायला नको, नवीन मीटरसाठी पर्चेसची फाइल फिरवायची कुणी. पुढची दोघं-तिघं नॉब फिरवतात, एक जण रीडिंग ओरडून सांगतो, मधले उतरवून घेतात, मागच्यांना तर मशीन दिसतच नाही. अर्ध्या तासात सगळं आटोपतं आणि उरलेल्या वेळात मागच्या प्रॅक्टिकलचं राइटअप पूर्ण करायचं, ते सीनियरच्या जर्नलवरून, म्हणजे प्रयोगवहीवरून. एम (उद्देश), अपॅरेटस, थिअरी, प्रोसीजर, ऑब्झर्वेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट, आणि शेवटी कन्क्लुजन, जे अख्ख्या बॅचचं एकच असतं, दस वी हॅव स्टडीड अमुक तमुक. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात सबमिशन सुरू झालं की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात रात्री अकरापर्यंत रांग असते आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून पोरं पानंच्या पानं उतरवत बसलेली असतात. त्या लिखाणात किती तास जातात याचा कुणी हिशोब केला तर पालकांचे डोळे पांढरे होतील.

एक्स्टर्नल म्हणून जर्नल हातात आलं की मी आधी ऑब्झर्वेशन टेबल बघते. समजा व्होल्टमीटर शून्य ते तीनशेचा आहे, काट्याचा, एक घर दहा व्होल्टचं. कितीही बारीक बघितलं तरी दोन घरांच्या मधला अंदाज येईल, म्हणजे फार तर पाच व्होल्टपर्यंत वाचता येईल. आणि टेबलमध्ये लिहिलेलं असतं २१७.४६, सगळ्या बॅचचं २१७.४६! मी विचारते, बाळ, हे पॉइंट चार सहा तुला मीटरवर कुठे दिसलं? ते गप्प, मान खाली. मला त्या पोराचा राग येत नाही, कारण लबाडी करायची म्हणून त्याने ते लिहिलेलं नसतं, रीडिंग ही स्वतः घ्यायची गोष्ट आहे आणि मीटरने जेवढं दाखवलं तेवढंच लिहायचं असतं हे त्याला तीन वर्षांत कुणी ठामपणे सांगितलेलंच नसतं, त्याच्यासाठी ते जर्नलमध्ये भरायचं एक कोष्टक असतं. उद्या हाच मुलगा एखाद्या सबस्टेशनवर किंवा टेस्टिंग बेंचवर उभा राहील आणि तिथे कुणाचं जर्नल नसेल.

आमच्या डिपार्टमेंटला आम्ही दोघी-तिघांनी मिळून एक साधी गोष्ट सुरू केलीय, ती जरा सविस्तर सांगते. मशीन लॅबमध्ये २२० व्होल्टची, १५०० आरपीएमची डीसी शंट मोटर आहे, अशी मोटर बहुतेक सगळ्या कॉलेजांत असते आणि तिचं स्पीड कंट्रोलचं प्रॅक्टिकलही सगळीकडे असतं. आम्ही ऱ्होस्टॅटला, म्हणजे रेझिस्टन्स कमी-जास्त करायच्या उपकरणाला, हात लावायच्या आधी विचारतो, मोटर आत्ता रेटेड स्पीडला चाललीय, फील्डमधलं (मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वेटोळ्याचं) रेझिस्टन्स वाढवून फील्डचा करंट कमी केला तर स्पीड वाढेल, कमी होईल का तेवढाच राहील? प्रत्येकाने आपल्या वहीत उत्तर लिहायचं, खाली एका ओळीत कारण, पेनने, आणि नंतर खोडायचं नाही. त्याला मार्क नाहीत, चुकलं तर बोलणी नाहीत. मग पाच मिनिटं शेजारच्याशी वाद घालायचा, मराठीत घाला, हिंदीत घाला, काय हवं त्या भाषेत.

बहुतेक पोरं लिहितात, कमी होईल. कारण विचारलं तर म्हणतात करंट कमी म्हणजे जोर कमी, जोर कमी म्हणजे स्पीड कमी. आणि हीच पोरं पेपरात बिनचूक लिहून येतात की स्पीड हा बॅक ईएमएफच्या (मोटर फिरताना तिच्यातच तयार होणाऱ्या उलट व्होल्टेजच्या) सम प्रमाणात आणि फ्लक्सच्या (चुंबकीय प्रवाहाच्या) व्यस्त प्रमाणात असतो, त्यावरची गणितंही सोडवतात! सूत्र डोक्यात एका कप्प्यात आणि मोटर दुसऱ्या कप्प्यात, दोघांची कधी गाठच पडलेली नसते. मग एक जण ऱ्होस्टॅट हळूहळू फिरवतो, एक जण स्पीड मोजायचा टॅकोमीटर धरतो आणि आकडा वर जायला लागतो, १५४०, १५९०, १६५०. पहिल्यांदा पोरं टॅकोमीटरवरच संशय घेतात, मॅडम हा बिघडलाय. दुसरा आणून लावतात, तोही तेच दाखवतो. मग खरी चर्चा सुरू होते. कुणीतरी म्हणतं, थांब, फ्लक्स कमी झाला म्हणजे बॅक ईएमएफ पडला, मग आर्मेचरला, फिरणाऱ्या भागाला, करंट जास्त जाणार, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर वाढणार, मग मोटर पळणार, पण किती पळणार? बॅक ईएमएफ परत सप्लायच्या जवळ येईपर्यंत. हे मी फळ्यावर दहा वेळा शिकवून जेवढं पोचलं नसतं तेवढं त्या दहा मिनिटांत पोचतं. आणि पुढचा प्रश्न तर मला विचारायचीही गरज पडत नाही, पोरंच विचारतात, मग मॅडम फील्डची वायरच तुटली तर? तेव्हा मी त्यांना स्टार्टर उघडून दाखवते की मोटर सुरू करायच्या थ्री पॉइंट स्टार्टरमध्ये ती हँडल धरून ठेवणारी कॉइल फील्डच्या सिरीजमध्ये का दिलेली असते, फील्ड गेलं की हँडल सुटून मागे का येतं. स्टार्टरची आकृती परीक्षेला येते म्हणून सगळ्यांनी घोकलेली असते, तिचा उपयोग त्या दिवशी कळतो.

याला आम्हाला नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही, मशीन तीच, मीटर तेच, फक्त क्रम बदलला, आधी प्रश्न, मग वाद, मग प्रयोग आणि मग लिखाण. एकाच मशीनभोवती वीस जण उभे राहू नयेत म्हणून चार टेबलांवर चार वेगळे प्रयोग लावतो आणि पाच-पाचचे ग्रुप आठवड्याआठवड्याला फिरतात, त्यासाठी आम्हाला आणि असिस्टंटला आधी तासभर तयारी करावी लागते हे खरंय, पण कनेक्शन आता पोरं स्वतः करतात आणि आम्ही सप्लाय द्यायच्या आधी तपासतो. राइटअप दोन पानांचं केलंय. रीडिंगचं पान तिथेच, त्याच दिवशी, पेनने, माझी सही होऊनच लॅबच्या बाहेर जातं. घरून फक्त ग्राफ आणि कन्क्लुजन आणायचं, आणि कन्क्लुजनमध्ये एकाच प्रश्नाचं उत्तर, तुझा अंदाज काय होता आणि मशीनने काय सांगितलं.

कुणाला वाटेल बाई स्वतःच्या कल्पना सांगतायत, तसं अजिबात नाहीये. हार्वर्डला फिजिक्स शिकवणारे एरिक माझूर १९९१ मध्येच अशा पद्धतीने शिकवायला लागले, आधी प्रश्न, प्रत्येकाने स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं. त्यांनाही तेच आढळलं होतं की अवघड गणितं सुटतात पण साधा संकल्पनेचा प्रश्न विचारला की हुशार पोरंही अडकतात. २०१४ साली सायन्स, इंजिनिअरिंग आणि मॅथ्सच्या वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते आणि जिथे विद्यार्थ्यांना वर्गातच काहीतरी करायला लावलं जातं तिथे २१.८ टक्के. आपल्याकडे केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, पोरांच्या घरची अवस्था ज्यांनी बघितलीय त्यांना या बारा टक्क्यांची किंमत सांगायला नको. एम थ्री (मॅथ्सचा तिसरा पेपर) राहिला म्हणून वर्ष गेलेली, फीचं कर्ज डोक्यावर असलेली किती पोरं आमच्याकडेच आहेत.

मग हे सगळीकडे का होत नाही? शिक्षक आळशी आहेत म्हणून, असं लगेच म्हटलं जातं आणि मला ते मान्य नाही. मूळ गोष्ट वेगळी आहे. पहिलीच्या पोरांना शिकवायचं तर डीएड लागतं, टीईटी लागते, हायस्कूलला बीएड लागतं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला बीई आणि एमई, त्यातल्या एकात फर्स्ट क्लास, बस. शिकवायचं कसं, प्रश्न विचारायचा कसा, पेपर काढायचा कसा, हे कुणीही आम्हाला शिकवलेलं नाही. एमई करून पोरगी जुलैत जॉइन होते, तिला सोमवारी टाइमटेबल हातात देतात आणि मंगळवारी ती साठ जणांसमोर उभी असते, ती तिला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवणार, दुसरं तिने बघितलेलंच नाही.

याला इतिहासही आहे. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं, अशी मोजकी कॉलेजं आपल्याकडे होती. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि पुढे तालुक्या-तालुक्याला इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. त्याचं मला मोल आहे, नाहीतर माझ्या वर्गातली निम्मी पोरं, ऊसतोडणी करणाऱ्यांची, एसटी ड्रायव्हरची, अंगणवाडीताईंची, इथपर्यंत आलीच नसती. पण इमारती पटापट उभ्या राहिल्या तसे शिक्षक घडले नाहीत, ते घडवायचे असतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि नंतरही आपण ते काम कधी गंभीरपणे घेतलं नाही. भोपाळची एनआयटीटीटीआर ही संस्था टेक्निकल शिक्षकांना ट्रेनिंग द्यायलाच आहे आणि महाराष्ट्र तिच्याच भागात येतो. आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक सरांनी दहा हजार शिक्षकांना शिकवायचा प्रकल्प चालवला होता, जवळच्याच कॉलेजात बसून त्या वर्कशॉप करता यायच्या, त्यातून आमच्यासारख्या छोट्या गावातल्या कितीतरी जणांचे डोळे उघडले. एआयसीटीईनेही, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनेही, नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूलचा ऑनलाइन कोर्स आणला. पण कॉलेजच्या पातळीवर त्याचं होतं काय, तर सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि प्रकरण मिटतं. त्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन कुणीतरी मागच्या बाकावर बसलं, नंतर चहा पिता पिता त्याला सांगितलं की तू प्रश्न विचारतोस आणि दोन सेकंदात स्वतःच उत्तर देतोस, थोडं थांबत जा, असं कुठे होतं का? माझ्या बघण्यात फार कमी ठिकाणी. इन्स्पेक्शनला माणसं येतात ती फाइल बघायला येतात.

फाइलींचं तर काय सांगू. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना एकमेकांच्या देशांत मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, त्यानंतर एनबीए (कोर्सना मानांकन देणारं मंडळ) आणि आउटकमवर आधारित शिक्षण जोरात आलं. मूळ कल्पना फार चांगली आहे, आम्ही काय शिकवलं यापेक्षा पोरगं शेवटी काय करू शकतं ते बघा, याच्याशी कोण भांडेल? मी तर त्याच्याच बाजूची आहे. पण उतरलं ते एक्सेलमध्ये. प्रत्येक विषयाचे पाच-सहा सीओ (कोर्स आउटकम), ते पीओंशी (प्रोग्रॅम आउटकमशी) जोडायचे, प्रत्येक चौकटीत एक, दोन किंवा तीन भरायचं, मग अटेनमेंट, म्हणजे ते किती साधलं याचा आकडा, काढायची, ती कमी आली तर ॲक्शन प्लॅन लिहायचा. हे सगळं भरायला सेमिस्टरच्या शेवटी शिक्षकाचे दिवसच्या दिवस जातात आणि त्या आकड्यांवरून पुढच्या वर्षी एकाही लेक्चरमध्ये काही बदललेलं मी बघितलेलं नाही. वरून मे-जूनमध्ये ॲडमिशनसाठी गावोगाव फिरायचं, ज्युनिअर कॉलेजांमध्ये जाऊन सेमिनार घ्यायचे, पोरांच्या घरी फोन करायचे, कारण सीट भरली नाही तर पगार लांबतो. कितीतरी कॉलेजांत अर्धे लोक तासिका तत्त्वावर आहेत. एआयसीटीईने २०१८ मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाणही पंधरावरून वीसवर नेलं. असिस्टंट प्रोफेसरचे कागदावर आठवड्याचे सोळा तास, पण बाकीचं सगळं धरलं तर लॅबच्या तयारीला जो एक तास हवा तो काढायचा कुठून, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हणून मी म्हणते की फाइली निम्म्या करा आणि तो वेळ लॅबला द्या.

दुसरा अडसर परीक्षेचा. पोरं हुशार आहेत, त्यांना बरोबर कळतं मार्क कशाला मिळतात. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी सेमिस्टरच्या अर्ध्यातली एक छोटी परीक्षा आणि शेवटी मोठी, पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये तीस आणि सत्तर मार्कांची. प्रश्न कसे, तर एक्सप्लेन विथ नीट डायग्रॅम, डिफाइन, कंपेअर, राइट शॉर्ट नोट. मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि लोकल लेखकाचं एक पुस्तक, परीक्षेच्या आदल्या रात्री एवढं केलं की पास होता येतं आणि पोरं होतातही. एआयसीटीईने २०१८ मध्ये परीक्षा सुधारणेचं धोरण काढलं, त्यात सगळं नीट लिहिलंय, नुसतं आठवायला लावू नका, वापरायला लावा, तपासायला लावा. त्यानंतर काय बदललं, तर प्रश्नाच्या बाजूला सीओ टू, एल फोर (कुठला आउटकम, कुठली पातळी) असं छापून यायला लागलं आणि प्रश्न तोच राहिला, एक्सप्लेन विथ नीट डायग्रॅम. मी पेपर सेटिंगला बसलेली आहे त्यामुळे अडचणही सांगते, वेगळा प्रश्न टाकला की आउट ऑफ सिलॅबस म्हणून दुसऱ्या दिवशी तक्रारी होतात, ग्रेस मार्कची मागणी होते, आणि पुढच्या वेळी तो सेटर पुन्हा जुन्या वळणावर जातो. एकट्यादुकट्या सेटरच्या हातात हे नाही, बोर्ड ऑफ स्टडीजने, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने, ठरवून पाठीशी उभं राहिलं पाहिजे की वर्षाला एवढे प्रश्न नवीनच येतील आणि ते सिलॅबसमध्येच आहेत.

ड्रॉइंगचं एक उदाहरण देते, ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय त्यांना लगेच कळेल. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीट असतात. वस्तू डोळ्यांसमोर फिरवून समोरून कशी दिसेल, वरून कशी, बाजूने कशी, हे कळावं म्हणून तो विषय आहे. होस्टेलवर काय होतं, तर काचेखाली बल्ब लावायचा, मित्राची पूर्ण झालेली शीट खाली, कोरी वर, आणि जीटी मारायची, ग्लास ट्रेसिंग. एका रात्रीत चार शीट. पिढ्यानपिढ्या हे चाललंय, सगळ्यांना माहितेय, शिक्षकांनाही. पण एक शिक्षक आहेत आमच्याकडे, त्यांनी शीटची संख्या कमी केली आणि वर्गात बटाटे आणि सुरी आणायला लावली, ठोकळा कापा, तिरका छेद द्या, हातात धरा आणि आता तिथेच बसून काढा. प्रत्येकाचा छेद वेगळा, ट्रेस करणार काय! त्या वर्गातल्या पोरांना सेक्शन ऑफ सॉलिड्स आयुष्यात कधी अवघड जात नाही.

आणि आता तर चॅटजीपीटी आलंय. जर्नलचं राइटअप, असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं दोन मिनिटांत. त्यावर बंदी घालून काही होणार नाही, मी तर पोरांना सांगते घरी खुशाल वापरा, न कळलेलं त्याला विचारा. पण एवढं मात्र झालंय की घरून लिहून आणलेल्या कागदाला मार्क द्यायचे दिवस संपले. फायनल इयरच्या प्रोजेक्टचंही तेच, मोठ्या शहरांत कॉलेजच्या आसपास प्रोजेक्ट सेंटरच्या पाट्या उघड लागलेल्या असतात, पैसे द्या, मॉडेल आणि ब्लॅक बुक, म्हणजे बांधलेला रिपोर्ट, दोन्ही घेऊन जा. याउलट बाहा एसएई या गाडी बनवायच्या स्पर्धेला जाणारी पोरं बघा, २००७ पासून भारतात ती स्पर्धा होतेय, पोरं स्वतः वेल्डिंग करून गाडी बनवतात, रात्र रात्र वर्कशॉपमध्ये असतात, रोल केज (गाडीचा पाइपांचा सांगाडा) का वाकला यावर भांडतात. त्यातली कितीतरी थिअरीत मागे असतात पण सस्पेन्शनबद्दल त्यांच्याशी बोला, तासभर उठू देणार नाहीत. कारण गाडी चालली पाहिजे, ती रिपोर्ट लिहून चालत नाही. शिकायची भूक पोरांमध्ये आहे, याचा मला रोज पुरावा मिळतो, म्हणूनच ही पोरंच अभ्यास करत नाहीत हे ऐकलं की मला त्रास होतो.

भाषेबद्दलही थोडं. आमच्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी मीडियमची. २०२१ पासून भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंगला परवानगी आहे, पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटरही सुरू झालं, ती मोठी गोष्ट आहे. पण जी लाखभर पोरं इंग्रजीतूनच शिकणार आहेत त्यांच्यासाठी उद्यापासून करता येईल असं एक आहे, लॅबमध्ये आणि वर्गातल्या चर्चेत मराठीला पूर्ण मुभा द्या. लिहा इंग्रजीत, शब्द टॉर्क, फ्लक्स, स्लिप हेच ठेवा, पण विचार मराठीत करू द्या. मी लेक्चर संपायच्या आधी दोन मिनिटं चिठ्ठी लिहून घेते, नाव न टाकता, आज काय कळलं नाही. इंग्रजीत लिहा म्हटलं की सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या नाहीतर एव्हरीथिंग क्लिअर मॅडम. मराठीत लिहा म्हटल्यावर एकीने लिहिलं होतं, मॅडम तुम्ही फ्लक्स फ्लक्स म्हणता पण तो दिसत नाही मग तो आहे हे मानायचं कशावरून. थर्ड इयरच्या मुलीने! इतका चांगला प्रश्न मला कुठल्या सेमिनारमध्येही कुणी विचारलेला नाही. पुढचं लेक्चर सिलॅबस बाजूला ठेवून त्यावरच घेतलं, सर्च कॉइल आणि गॅल्व्हानोमीटर घेऊन. आता कॉलेजचा अधिकृत फीडबॅक घ्या, तो सेमिस्टर संपताना ऑनलाइन भरायचा असतो, भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही, म्हणून पोरं सगळ्यांना पाचपैकी चार ठोकून मोकळी होतात. त्यातून शिक्षकाला काय कळणार आणि कळलं तरी ती बॅच तर गेलेली असते.

विद्यापीठांना आणि ऑटोनॉमस कॉलेजांना माझी विनंती प्रॅक्टिकल परीक्षेपासून सुरुवात करायची आहे, कारण ती हातात आहे आणि तिला ना नवीन पॅटर्न लागतो ना मंत्रालयाची मंजुरी. आज ओरल-प्रॅक्टिकलला काय होतं, एक्स्टर्नल येतो, चहा-नाश्ता होतो, पोरांना दोन-तीन व्याख्या विचारतो, जर्नल बघतो आणि इंटर्नल, म्हणजे कॉलेजचाच परीक्षक, सांगेल त्याच्या आसपास मार्क देतो. त्याऐवजी पोराला मशीनसमोर उभं करा आणि असा एक प्रश्न द्या जो जर्नलमध्ये नाही, पण जर्नलमधलं ज्याने केलंय त्याला येईल. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट केलीय ना, मग सांग वॉटमीटर उलटा काटा का दाखवतोय आणि तो सरळ कर. एक लूज कनेक्शन मुद्दाम ठेवा आणि शोधायला सांगा. उत्तर चुकलं तरी तो शोधतो कसा याला मार्क द्या. एकदा का पोरांना कळलं की शेवटी मशीनसमोर उभं राहायचंय, की पुढच्या वर्षीची बॅच लॅबमध्ये मागे उभी राहणार नाही, धक्काबुक्की करून पुढे येईल.

आणि संस्थाचालकांना एवढंच सांगणं आहे की नवीन शिक्षकाला पहिल्या सेमिस्टरला निम्मेच तास द्या, उरलेल्या वेळात त्याला अनुभवी माणसाच्या वर्गात बसू द्या आणि अनुभवी माणसाला त्याच्या. एचओडीने, म्हणजे विभागप्रमुखाने, बसू नये, एचओडी बसले की वर्षाच्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टसाठी बघितल्यासारखं वाटतं, त्याची भीती येते. डिपार्टमेंटमधला साधा सहकारी बसू दे, रिपोर्ट नको, फॉर्म नको, फक्त नंतरचं बोलणं. आम्ही दोघी हे आपापसात करतो, ती माझ्या वर्गात येते, मी तिच्या, आणि माझ्या शिकवण्यात जे काही बरं झालंय ते त्यातनंच झालंय.

आमच्या मशीन लॅबच्या प्रत्येक प्रयोगाआधी विचारायच्या प्रश्नांची मराठी यादी तयार आहे, बेसिक इलेक्ट्रिकलचीही आहे. कुठल्याही कॉलेजातल्या शिक्षकाला, डिप्लोमाच्या किंवा आयटीआयच्या सुद्धा, ती हवी असेल तर आपल्या पेपरमार्फत कळवावं, मी पाठवून देईन. त्यांनी वापरून बघावी, जे प्रश्न चालणार नाहीत ते काढावेत आणि स्वतःचे नवीन टाकून मला परत पाठवावी, पुढच्या सेमिस्टरला ते आम्ही आमच्या पोरांना विचारू.

आपली,
इलेक्ट्रिकल विभागातील एक प्राध्यापिका